किसनरावांच्या छातीतला कापूस

तेल्हाऱ्यात किसनरावांच्या कापसाच्या कोठ्यापुढं सारं गाव लोटलं होतं. कोठ्यात हातानं फिरवायच्या रेच्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या बाया खोकून बेजार होत्या. तुंबडीबाबा नावाचे मांत्रिक त्यांच्या छातीला शिंग लावून भूत ओढायचे आणि थुंकले की तोंडातून पांढराशुभ्र कापूस! लोक जयजयकार करत आणि बाबा आपली तुंबडी भरून घेत.

"हे कापसाचं भूत! पापिणीच्याच छातीत घर करते!" बाबा गरजले. "या जमुनेचं कितीदा काढलं, तरी खोकून राहिली. आज निघालं नाही, तर इले गावाबाहेर काढा!"

जमुना तान्ही लेक कवटाळून उभी होती. खोकला काही आवरेना. असल्या देवमाणसाच्या तोंडात माती पडो!

तेवढ्यात गावचे हकीम इनायतुल्ला पुढं आले. "बाबा, पहिले मालकाले पाहा. सारा कापूस त्याहिचा, मंग मोठं भूतही त्याहिच्याच छातीत असन."

मोठं गिऱ्हाईक पाहून बाबाला कुठला धीर! किसनरावांना चारचौघांत नाही म्हणवेना. शिंग लागलं, बाबानं डोळे फिरवले आणि थू! हा एवढा बोळा.

"वा!" हकीम म्हणाले. "किसनराव, खोकला कवापासून हाय?"

"मले? मले कवाच नाई खोकला!"

जयजयकार घशातच अडकला. हकिमांनी बाबाचा फुगलेला गाल दाबला, तर जमुनेसाठी राखलेला दुसरा बोळा टुपकन बाहेर पडला. बाबा शिंग टाकून पळाले.

"मंग मले खोकला कावून?" जमुनेनं विचारलं.

हकिमांनी कोठ्याकडं बोट केलं. दूरदेशी लढाई पेटून तिथला कापूस यायचा थांबल्यापासून इथला कापूस चांदीच्या मोलाचा झाला होता. वाऱ्यानं तंतूही उडू नये म्हणून किसनरावांनी खिडक्यांना गोणपाट ठोकले होते. बाया आत धूळ गिळत आणि मालक बाहेर ओट्यावर हवा खात.

"किसनराव, एक चिलीम होईस्तोवर आत बसा."

किसनराव ताठ मानेनं आत गेले. चिलीम अर्धी व्हायच्या आत बाहेर आले ते कापसानं पांढऱ्या झालेल्या मिशांनी, खो-खो करत.

"बलवा ना बाबाले!" जमुना ओरडली. "मालकाले भूत लागलं!"

सारं गाव हसलं. गोणपाट त्याच दिवशी निघाले. जमुना गावातच राहिली. तिचा खोकला कमी झाला, पण पुरता गेला नाही. फार उशीर झाला होता.

म्हणून सांगतो, कोणी छातीतलं भूत काढायला आला, तर आधी एवढंच पाहा: खोकणारा कुठं बसतो आणि न खोकणारा कुठं?