दुसऱ्याच्या गळाला हात

रोहनला रविवारी रात्री मुंबईहून अमेरिकेचं विमान पकडायचं होतं, आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत ही गोष्ट त्याच्या वडिलांना सोडून सगळ्यांना माहीत झाली होती. आईला माहीत, बायकोला माहीत, खालच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत, कारण नवे शर्ट त्याच्याकडेच गेले होते. भीमरावांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसचं काम, दोन वर्षं, पगार डॉलरमध्ये. लपवण्यासारखं त्यात काय होतं म्हणा! पण व्हिसाच्या दिवशी मुंबईला जाताना हा पठ्ठ्या म्हणाला, "बाबा, ट्रेनिंग आहे," आणि मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, असे तीन आठवडे काढले.

बाप काही त्याला खाणार नव्हता. अडचण वेगळीच होती. गेल्या वर्षी भीमरावांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्याच्या आईनं, नंदाबाईंनी, रोहनच्या ऑफिसात फोन लावला, तर साहेब क्लायंटशी बोलत होते. चाळीस मिनिटं बोलत होते. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. रात्री कॉटच्या कडेला बसून रोहन हमसून हमसून रडला आणि म्हणाला, "बाबा, आता तुम्हाला सोडून मी कुठंही जाणार नाही." हे वचन कुणी मागितलं नव्हतं. भीमरावांचं तोंड तेव्हा वाकडं झालेलं, त्यांना हो किंवा नाही काहीच म्हणता आलं नाही. पण कान शाबूत होते.

आणि त्या शुक्रवारी भीमराव आपणहून म्हणाले, "आज रात्री खाणीवर जाऊ. गळ काढून ठेव." झटक्यानंतर त्यांनी गळाच्या काठीला हात लावला नव्हता. रोहनला वाटलं, चला, रात्रभर दोघंच असू, सांगून मोकळं होऊ. जिना उतरायच्या आधी पूर्वानं त्याला दारात गाठलं. "सांगितल्याशिवाय वर येऊ नकोस. मी दार उघडणार नाही." पूर्वा बोलते ते करते, हे तो चार वर्षांच्या संसारात शिकला होता.

हडपसरच्या मागं ती दगडाची जुनी खाण. तिचा दगड उपसून इकडं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तिकडं खड्ड्यात पाणी साठून तळं झालं. जमीन संभाजीच्या घरची. दगड संपल्यावर त्यानं त्यात कटला आणि रोहू माशांचं बीज सोडलं आणि काठावर रात्री बसणाऱ्या चार माणसांसाठी नियम घालून दिले. नियम काही लिहिलेले नव्हते, पण रेशनकार्डापेक्षा कडक. पाण्यावर बॅटरी मारायची नाही. गळ टाकला की बोलणं बंद, कारण खाणीच्या भिंतींना आवाज आपटतो आणि मासा खाली जातो. कुणाच्या दोरीवरून पाय टाकायचा नाही. एकाला मासा लागला की बाकीच्यांनी मुकाट आपापले गळ वर घ्यायचे, म्हणजे गुंता होत नाही. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा तिकडं फिरकायचंच नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या गळाला हात लावायचा नाही. लावला तर एक वर्ष काठावर बसायचं नाही. हा नियम मूळ भीमरावांचाच होता. कारखान्यात तीस वर्षं ते फिटर होते, दुसऱ्याच्या मशीनला हात लावणाऱ्यांची बोटं गेलेली त्यांनी पाहिली होती.

"जय भीम, फिटरसाहेब," संभाजी पुढं आला. "लई दिवसांनी. बरं हाय ना?"

"दिसतं ते आहे," भीमराव म्हणाले.

संभाजीनं त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. बोटं अर्धवट वळलेली, पंजा पोटाशी धरलेला. त्यानं आपली काठी दहा हात पलीकडं नेली.

भीमराव त्यांच्या जुन्या जागी बसले. रोहननं शेंगदाण्याच्या पेंडीत कणीक मळून आणली होती. तो गोळा लावायला पुढं झाला, तर त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खिशातून एक जुना पंचा काढला, काठीचा बुडखा काखेत धरला आणि उजवं मनगट पंच्यानं काठीला बांधायला लागले. गाठ मारायला दातांची मदत घेतली. रोहन बघत राहिला. नको म्हणावं असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात डाव्या हातानं त्यांनी गळ फेकलासुद्धा. जेमतेम पंधरा फुटांवर पडला. पूर्वी पलीकडच्या भिंतीपाशी पडायचा. त्यांनी दोरीला घुंगरू अडकवलं, शेजारी रोहननंही आपला गळ सोडला, आणि गळ टाकला की बोलणं बंद.

झालं! मूग गिळून बसायला याला निमित्तच मिळालं. नऊ वाजले, दहा वाजले. पलीकडच्या इमारतींचे दिवे पाण्यात हलत होते. त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर रोहनची खुर्ची होती आणि सोमवारपासून त्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसणार होतं. डास चावत होते. तो एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होता, मांडी बदलली की दगड टोचत होता. खिशात मोबाइल थरथरला. पूर्वाचा मेसेज. "झालं का सांगून?" त्यानं पडदा हातानं झाकून लिहिलं, "बोलायची बंदी आहे." उलट उत्तर आलं, "घरी काय बंदी होती?"

अकराला दोघांनी गळ वर घेतले, पेंड नवी लावली. हीच वेळ, रोहन मनात म्हणाला. गळ पाण्याबाहेर आहे, बोललेलं चालतं. त्यानं घसा साफ केला.

"बाबा."

"काय?"

"पाणी देऊ?"

"दे."

काय म्हणावं या माणसाला! तीनशे ओळींचा प्रोग्रॅम एका दमात लिहितो, आणि बापाशी बोलायची एक ओळ सुचत नाही. पाणी पिऊन भीमरावांनी पुन्हा गळ फेकला. या खेपेला वीस फूट तरी गेला असेल. अंधारात ते हसल्यासारखे वाटले, पण रोहनचं तिकडं लक्ष नव्हतं. तो मनात वाक्य जुळवत होता. "दोनच वर्षं आहेत." नको, "दोनच" मध्ये आधीच माफी मागितल्यासारखं वाटतं. "चांगली संधी आहे." हे तर बॉसचं वाक्य. "तुम्ही म्हणाल तर नाही जाणार." हे सरळ खोटं. तिकीट निघालं होतं, बॅगा भरल्या होत्या, आईनं चटण्या कुटल्या होत्या.

दीड वाजता भीमरावांचं घुंगरू वाजलं. एकदा, मग जरा थांबून दोनदा, आणि मग काठीचं टोक खाली गेलं ते वर येईना. भीमरावांनी काखेतली काठी मागं ओढून झटका दिला आणि गळ रुतला. चाकावरून दोरी करकरत सुटायला लागली.

संभाजीनं न बोलता आपला गळ वर घेतला. रोहननंही घेतला.

मासा मोठा होता, कटलाच असणार. तो थेट खोल पाण्याकडं निघाला होता. भीमराव डाव्या हातानं चाक फिरवत होते, तो ओढायला लागला की सोडत होते, थांबला की पुन्हा गोळा करत होते. उजवं मनगट पंच्यात करकचलेलं. त्यांच्या तोंडून श्वासाचा आवाज येत होता, भात्यासारखा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रोहन उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. बापाचा रक्तदाब त्याच्या डोळ्यांपुढं आकड्यांत दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले होते, जोर द्यायचा नाही. आणि हे काठापासून दोन हातांवर, खाली खाणीची सरळ कापलेली भिंत, आणि मनगट काठीला बांधलेलं. मासा काठी घेऊन गेला तर माणूस घेऊनच जाईल.

"बाबा, धरू?"

भीमराव चाक फिरवत राहिले.

"बाबा, द्या माझ्याकडं."

"गप्प बस."

वीस मिनिटं झाली असतील. मासा दमत आला होता. लांब पाण्यात एकदा त्याची पाठ वर आली, पांढुरकी, आणि संभाजी हळूच हातजाळी घेऊन उठला. काठाजवळ आलेला मासा शेवटचा जोर लावतो, हे रोहनला लहानपणापासून माहीत होतं. याच माणसानं शिकवलं होतं. मासा वळला, काठीचं टोक पाण्याला टेकलं, भीमरावांचं अंग पुढं गेलं, आणि रोहननं झेप घेऊन दोरीच मुठीत धरली.

ताणलेली दोरी मुठीत धरली की काय होतं हे त्या काठावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. तटकन तुटली. त्याच्या तळहाताला चीर पडली. पाण्यात एकदा मोठा डुबुक आवाज झाला आणि मग सगळं गप्प.

भीमराव होते तिथंच बसले होते. त्यांच्या दोन्ही टाचा पुढच्या दगडाच्या खोबणीत घट्ट रोवलेल्या होत्या. संध्याकाळी जागा निवडतानाच त्यांनी ती खोबण चाचपून घेतली होती. ते कुठंही जाणार नव्हते. रोहनला हे आत्ता दिसलं.

संभाजीनं जाळी खाली ठेवली. मग संभाजी म्हणाला, "फिटरसाहेब, पोरगं तुमचं हाय. तुमीच काय ते सांगा."

"माझं असलं म्हणून काय झालं?" भीमरावांचा आवाज अगदी साधा होता. "नियम सगळ्यांना एकच. वर्षभर यानं इथं बसायचं नाही."

"बसणार नाहीच मी," रोहन म्हणाला. "रविवारी अमेरिकेला जातोय. दोन वर्षांसाठी."

तीन आठवडे घोळवलेलं वाक्य असं बाहेर पडलं, भांडणात भिरकावलेल्या भांड्यासारखं. संभाजीनं जाळी उचलली आणि तो आपल्या खोपटाकडं चालायला लागला. शहाणा माणूस.

"कधी ठरलं?"

"तीन आठवडे झाले."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"आईला. पूर्वाला." आणि मग, खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणून, "इस्त्रीवाल्यालाही."

भीमराव दातांनी पंच्याची गाठ सोडवत होते. मनगटाभोवती काळानिळा वळ उठला होता. "मला का नाही सांगितलंस?"

"मी तुम्हाला म्हणालो होतो ना, कुठं जाणार नाही म्हणून."

"ते होय! तू रडत होतास म्हणून बोललास. रडणाऱ्याचं बोलणं कोण धरून बसतं?" ते थोडा वेळ मनगट चोळत राहिले. "जायचं तर जा. मी भंडाऱ्याहून आलो तेव्हा माझ्या बापाला इथल्या स्टेशनवर पोचल्यावर कळवलं होतं. त्याचं मला काही नाही."

रोहनला हलकं वाटायला हवं होतं. वाटेना. कारण म्हातारा अजून त्याच्याकडं बघत नव्हता.

"मी आज इथं का आलो, माहीत आहे?"

"मासे धरायला."

"डॉक्टर म्हणतो, होईल सुधारणा. तुझी आई म्हणते, कशाला उगाच. तू म्हणतोस, बाबा सावकाश. घरात मला कपसुद्धा कुणी धुऊ देत नाही. या हातानं काय होतं आणि काय होत नाही, ते मला एकदा बघायचं होतं. आणखी पाच मिनिटं होती रे, कळलं असतं. मासा सुटला असता तरी कळलं असतं. पडलो असतो तरी कळलं असतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तू नसताना मी उभा राहीन का, हे आज समजणार होतं. आता ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. आणि तू असाच जाणार."

माफ करा म्हणावं तर ते फार छोटं होतं. पुन्हा येऊ म्हणावं तर वर्षभर बंदी, आणि वर्षभर तर तो इथं नसणारच होता. तळहातातून रक्त येत होतं ते त्यानं पँटला पुसलं. त्याला रडायला येत होतं आणि या वेळी रडायची लाज वाटत होती.

भीमरावांनी डबीतून नवा गळ काढला. तुटलेल्या दोरीचं टोक डाव्या हातात घेतलं, गळ उजव्या हाताच्या अर्ध्या वळलेल्या बोटांत अडकवला आणि टोक त्या बारीक भोकात घालायला लागले. बॅटरी लावायची नाही. पहिल्यांदा दोरी बाजूनं गेली. दुसऱ्यांदा गळच बोटातून निसटून दगडात पडला. त्यांनी तो चाचपून शोधला, शोधायला बराच वेळ लागला. गळ रोहनच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला होता आणि त्याला तो दिसत होता.

रोहननं आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसला. चिरलेला तळहात दगडावर चरचरत होता. खिशात मोबाइल थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. भीमरावांनी तिसऱ्यांदा दोरी ओठात ओली केली. बोटं मध्येच सैल पडत होती, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. पूर्वेकडं उजाडायला लागलं तरी दोरी आत गेली नव्हती. रोहननं हात बाहेर काढले नाहीत.