चार वाजताचं औषध

"सरळ बसा आजी, मान हलवू नका," म्हणत डॉक्टरीणबाईंनी शांतम्माच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर निळ्या शाईची बारीक खूण केली. तिच्या बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नव्हता. मोतीबिंदू काढून बसवायची लेन्स म्हणूनच ठराविक कोनात बसायला हवी होती. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो, त्यामुळे खूण बसल्याबसल्याच.

"सोबत कोण आलंय?"

"पोरगा खाली हाय. गाडी लावून राहिलाय."

पोरगा, सोमेश, पुण्यात होता. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा 'रजा मिळते का बघतो' म्हणाला होता. नंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. शांतम्मा अहमदपूरहून पहाटेच्या एसटीने एकटीच नांदेडला आली होती.

लेन्स नीट बसली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली.

"डोळा चोळायचा नाही हं, लेन्स फिरेल. औषध दिवसातून चार वेळा."

घरी आल्यावर कळलं, आपल्या हाताने आपल्या डोळ्यात थेंब पडत नाही. एक कानाकडे ओघळला, एक गालावर. तिसराही वाया गेला, तशी ती बाटली घेऊन शेजारच्या हसीनाच्या दारात जाऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून, तीन वर्षांत, ती कुणाचा उंबरा चढली नव्हती.

हसीनाने शिलाई मशीन थांबवलं. साबणाने हात धुऊन तिने शांतम्माची हनुवटी उचलली.

"वर बघा, अक्का."

कितीतरी दिवसांनी कुणाचा तरी हात तोंडाला लागला होता. शांतम्माचे डोळे भरून आले. औषध चुरचुरलं असेल, असं हसीनाला वाटलं.

महिना असाच गेला. मग नांदेडच्या तपासणीत औषध बंद झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या थेंबांची वेळ झाली, चार वाजले आणि शांतम्माला घरात बसवेना. ती रिकाम्या हाताने गेली.

हसीना हात धुऊनच उभी होती.

"बंद केलं औषध," शांतम्मा म्हणाली. "आता बरं हाय."

हसीनाने ओले हात पदराला पुसले. मशीनपाशी जाऊन बसली, पण मशीन चालवलं नाही.

"अक्का, माझ्या बी डाव्या डोळ्यात धूर साचल्यावानी हाय. लई दिवस झाले. पोरीला सांगितलंच न्हाई."

शांतम्मा अजून दारातच होती. तिने चपला काढल्या, आत येऊन कापडाच्या गठ्ठ्याशेजारी बसली.

"सोमवारी जाऊ," ती म्हणाली. "पहिली गाडी सहाला हाय."