मागे तोंड असलेला बाजा

आश्रुबा नानांनी माझ्या दुकानात गोणी उपडी केली तेव्हा मी आधी भडकलोच. नेकनूरच्या बाजारात मी पितळी भांडी सांधतो, भंगार घेत नाही. समोर वाकड्या नळ्या, तीन कळा आणि घासलेटचा वास मारणारा एक मोठा भोंगा पडला होता.

"ह्याचा एक बाजा करून द्या, पंडितराव," नाना म्हणाले.

हा पसारा नानांच्या मोडलेल्या बँडचा होता; घरोघरी जे उरलं होतं ते त्यांनी गोळा करून आणलं होतं. पाच गड्यांनी सोसायटी करून तीन बाजे घेतले होते. लग्नसराईत वाजवायचं, एरवी ऊसतोडीला जायचं. पहिल्याच बैठकीत ठराव झाला होता की सभासद मेला तर उरलेल्यांनी त्याला वाजवत न्यायचं. मग बहात्तरचा दुष्काळ आला. लग्नं थांबली, पाचही जण खडी फोडायला गेले आणि सोसायटी बुडाली. बाजे तीन, सभासद पाच. कुणाला कमीजास्त नको म्हणून या शहाण्यांनी बाजे उघडले आणि सुटे भाग वाटून घेतले. न्याय झाला, बाजा मेला.

"अहो, एकाकडंच ठेवायचे की सगळे," मी म्हणालो.

"ठिवले असते. पण त्यो एक कोण, हे कोण ठरीवणार?"

त्यानंतरच्या वर्षांत तिघे गेले आणि तिघेही मुकाट्यानं गेले. भोंगा आसारामच्या वाट्याला आला होता. तो वारल्यावर त्याची बायको केसरबाई त्यातून घासलेट ओतत राहिली. आता चौसाळ्याचा शहादेव अंथरुणाला खिळला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं.

"त्यो तरी वाजत जाऊ द्या," नाना म्हणाले. "फुकायचं तोंड रुंद करा, मला दात न्हाईत. आन् भोंगा खांद्यावरून मागं वळवा."

"मागं कावून?"

"वाजिवणारा पुढं चालतो. ऐकणारा मागून येतो."

मी कामाला लागलो. एक नळी दुसरीत बसेल तर शपथ. शेवटी माझ्या आजोबांच्या हातचा तांब्या होता, त्याचा गळा कापून सांधा केला. बायकोनं दोन दिवस अबोला धरला. झालं ते ध्यान पाहून बाजारातली माणसं हसली, पण फुंकलं की त्यातून जाड, घोगरा सूर निघायचा.

चार दिवसांनी शहादेव गेला. मी नानांना घेऊन चौसाळ्याला गेलो. नाना तिरडीपुढे उभे राहिले आणि त्यांनी वरातीची चाल धरली. त्यांना दुसरी येतच नव्हती. घासलेटच्या वासानं त्यांना ठसका लागत होता, तरी गावाबाहेर जाईपर्यंत त्यांनी तोंड काढलं नाही. कुणी हसलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

परतताना एसटीत नानांनी बाजा माझ्या मांडीवर ठेवला.

"पाचातला आता मीच ऱ्हायलो," ते म्हणाले. "माज्या वक्ताला कोण?"

"नाना, मला फुंकता येत नाही."

"शिकिवतो की. लई अवघड न्हाई."

अख्खा उन्हाळा त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून मला छळलं. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं आणि हे आपले डोळे मिटून ऐकत. तिसऱ्या वळणावर माझा सूर हमखास घसरायचा. लगेच हात वर व्हायचा. "चुकलं. परत." मी चिडायचो, एकदा तर बाजा आपटायलाही निघालो होतो. पण ते शब्द निघाले की पहिल्यापासून सुरू करायचो.

त्या वर्षीही पाऊस झाला नाही. पौषात नाना गेले. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या होत्या, गावात म्हातारी माणसं तेवढी उरली होती. त्यांनीच खांदा दिला. मी पुढे झालो, भोंगा मागे नानांकडे. वरातीची चाल धरली. पहिलं वळण नीट गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्यावर सूर घसरला.

सवयीनं मी थांबलो. मागची माणसंही थांबली. माझा दम गेला असं त्यांना वाटलं असेल. मी तसाच उभा राहून ऐकत होतो.

मागून कुणी काही बोललं नाही. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.