चिखल लागला. धुतला.

त्या सहलीतून धाकट्याला काय मिळणार होतं ते आधी सांगतो. एक पितळी शिट्टी, जीपच्या किल्ल्या आणि बारा-तेरा माणसांच्या रांगेत सगळ्यात पुढे चालायचा मान. या तीन गोष्टींसाठी तो सहा वर्षं रांगेच्या शेपटाला, दमलेल्यांच्या पिशव्या उचलत चालला होता. आणि द्यायचं काय होतं? वहीत एक खरी ओळ. तेवढीही त्याच्या हातून वेळेवर उमटली नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. हल्ली माझे दोन तुकडे आहेत, पण बोलतो अजून एकाच तोंडाने.

मी जन्मलो एका कारखान्यात. आत पांढऱ्या धाग्यांचे पेड आणि वरून विणलेली निळी कातडी. दुकानात आलो तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं माझा रंग बघायची, ओढून बघायची. ताईने मला नाकाशी धरून हुंगलं. दुकानदार म्हणाला, "बाई, दोर आहे तो, खरबूज नव्हे." ताई म्हणाली, "खरबूज नासकं निघालं तर टाकून देता येतं." आणि मला खांद्यावर घालून चालू लागली.

ताईचा धंदा लोकांना हिंडवण्याचा. आमचा मुलूख लहान, पण त्यात सगळं थोडं थोडं वाढलेलं आहे. एका बाजूला समुद्र, त्याला लागून वाळूच्या टेकड्या, मग जंगल, जंगलातून धावणारी नदी, वर बर्फाची धार आणि शेवटी सरळसोट कडा. सहा दिवसांत ताई हे सगळं दाखवायची. मदतीला तिचा सख्खा भाऊ, तोच धाकटा.

या हिंडण्यात मी माणसं फार जवळून पाहिली. किनाऱ्यावर सगळेच शूर असतात. तिथे छाती काढून फोटो काढणारे साहेब बर्फावर मला असे बिलगायचे की त्यांच्या बायकोला हेवा वाटावा. एक कारकून नदी ओलांडताना माझ्याशी हळूच बोलत होते, "सोडू नकोस रे बाबा, अजून दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत." मी सोडलं नाही. पलीकडे पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पाणी काही एवढं नव्हतं. असू दे. कौतुकाची सवय मला ताईने लावलीच होती. घरी आल्यावर ती मला सावलीत वाळवायची, बोटांतून वीत वीत सरकवायची आणि म्हणायची, "शहाणा आहेस."

आणि मग वही. ताईच्या प्रत्येक दोराची एक वही असे, त्याच्याच खिळ्याला टांगलेली. आज कुठे नेला, किती माणसं उतरली, कुणी घसरून हिसका दिला का, काय सांडलं, काय लागलं. ज्याच्या हातात दोर होता त्यानेच लिहायचं आणि खाली सही करायची. सहलीला निघताना वहीही पिशवीत. "दोराला बोलता येत नाही, म्हणून ही वही," असं ताई सांगायची. त्या वहीवर तिचा इतका विश्वास, की त्यात लिहिलेलं असलं की ती पुन्हा विचारत नसे. हीच तिची चूक, चूक म्हणायची असेल तर.

त्या वर्षी तिने जाहीर केलं होतं, "ही सहल नीट पार पडली की शिट्टी धाकट्याची."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूच्या टेकड्यांवर होतो. जीपमध्ये मागच्या बाजूला जादा बॅटरी असायची, ती दोन पट्ट्यांनी आवळून बांधायची. त्या दिवशी पाहुणे फळ्यांवर बसून घसरगुंडी खेळत होते आणि धाकट्याला त्यांच्यात जायची घाई. त्याने एकच पट्टा लावला, तोही सैल. उतारावर जीप कलली. बॅटरी आडवी होऊन माझ्या वेटोळ्यावर पडली.

मला आधी नुसतं गार वाटलं. बॅटरीतलं ॲसिड माझ्या कातडीतून आत झिरपत होतं. वर काही दिसत नव्हतं, आणि आतल्या धाग्यांचं हळूहळू पीठ होत होतं.

धाकट्याने पाहिलं. मुक्कामी पोचताच मला नळाखाली नेऊन साबणाने दोनदा धुतलं, सावलीत पसरलं, उलटंपालटं करून पाहिलं. एक डाग नाही. वहीच्या पहिल्या पानावर ताईच्या अक्षरात नियम होता, ॲसिड लागलेला दोर त्याच दिवशी कापायचा. पण लांब दोर मी एकटाच. मला कापलं की कडा रद्द. कडा का रद्द, तर ॲसिड. ॲसिड का, तर पट्टा. आणि शिट्टी गेली पुढच्या वर्षावर. एवढी सगळी साखळी त्याच्या डोक्यात फिरताना मी त्याच्या हातातच होतो.

संध्याकाळी ताईने सवयीने मला नाकाशी धरलं. "साबणाचा वास कसला? धुतलास?"

"चिखल लागला होता," धाकटा म्हणाला.

"मग लिही."

त्याने लिहिलं. चिखल लागला. धुतला. खाली सही. मित्रांनो, मी त्या वाळूच्या टेकड्या कितीदा पाहिल्या आहेत. तिथे प्यायला पाणी मिळायची मारामार, चिखल कुठला? पण ताईने ओळ वाचली आणि वही मिटली. माझ्या वहीत सही करून कुणी खोटं बोलेल, हे मलाही नवीन होतं.

जंगल, नदी, बर्फ, या खेपेला तिन्ही दिवस लहान दोरांवर भागलं. सहाव्या सकाळी आम्ही कड्यावर आलो. मला खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांना बांधलं आणि खाली सोडलं. वाट तपासायला पुढारी आधी उतरतो, ही रीत. मागे पाहुणे उभे, त्यात सगळ्यात पुढे एक चष्मेवाली मुलगी, आपला कमरेचा पट्टा पुन्हा पुन्हा चाचपत.

तेवढ्यात धाकटा पुढे आला. "ताई, आज मी आधी उतरतो."

ताई हसली. "एक दिवस दम धरवत नाही का तुला? उद्यापासून तुलाच उतरायचं आहे. आजचं शेवटचं माझं."

त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. चार शब्द तर होते. त्या चार शब्दांची वाट मी आयुष्यात कशाची पाहिली नसेल तशी पाहिली. त्याने तोंड मिटलं, बाजूला झाला आणि तिच्या पट्ट्याची कडी मात्र दोनदा तपासली.

ताई अर्ध्याहून खाली पोचली आणि मी तुटलो.

मला वाटायचं, तुटताना मोठा आवाज होत असेल. काहीच झाला नाही. एवढी वर्षं हत्ती तोलल्याच्या थाटात मिरवणारा मी, एका सडपातळ बाईच्या वजनाने सुटलो, भिजलेला कागद सुटावा तसा. खालून आवाज आला तो ताईचा होता. कड्यावर चष्मेवाली मुलगी खाली बसली आणि पट्टा सोडू लागली, तिला तो सुटेना.

मागच्या पायवाटेने धाकटा धावत, पडत खाली पोचला तेव्हा ताईचा उजवा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. तिच्या मुठीत माझं तुटकं टोक. ते तपकिरी झालं होतं, बोटांनी चुरडताच त्याची भुकटी पडत होती. तिने ते हुंगलं नाही. तशी गरजच नव्हती.

"काय सांडलं होतं?" तिने विचारलं.

"बॅटरी," तो म्हणाला.

मला वाटलं, आता कानाखाली वाजवेल. ती म्हणाली, "वहीत लिही." आणि मग तिने डोळे मिटले.

त्याने तिथेच, दगडावर वही ठेवून लिहिलं. अक्षर सहज वाचता येत नाही, पण सही त्याची आहे.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी सामानाच्या खोलीत खिळ्याला आहे, दोन तुकडे एकाशेजारी एक, शेजारी वही. नवे पाहुणे आले की धाकटा त्यांना आधी इथे आणतो, ते पान उघडतो आणि दोन्ही नोंदी मोठ्याने वाचतो. आधी चिखलाची, मग खरी. ताईने त्याला असं करायला कधीच सांगितलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत टेबलाशी बसून सहलींची पत्रं लिहीत असते, आणि तो वाचायला लागला की तिचं पेन थांबतं.

मित्रांनो, तुमच्या हातूनही कधी काही सांडेल. सांडू दे. दोर मिळतात. पण ज्याच्यावर दुसऱ्याचं वजन पडणार आहे, त्याच्याबद्दल खरं ते त्याच दिवशी सांगा. आम्ही वस्तू तोंडाने काही सांगू शकत नाही. आम्ही सांगतो ते तुटून, आणि तोवर कुणीतरी आमच्यावर लटकलेलं असतं.

बाकी धाकट्याने जे जे मोजलं होतं ते सगळं त्याला मिळालं. शिट्टी, जीप, रांगेतली पहिली जागा. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. चष्मेवाली मुलगी घरी सुखरूप गेली. मी खिळ्यावर आलो. ताईचा गुडघा वाकत नाही, ती जिना एकेक पायरी करून उतरते. आणि जीपमधली बॅटरी आता रोज दोन पट्ट्यांनी बांधली जाते. मी इथून बघतो, एका मिनिटाचंही काम नाही ते.