एका बाहीचा समुद्र

"ही बाही कुणाची गं?" एफी आत्यानं दारातूनच विचारलं, आणि लोरेटाची कात्री पट्टीच्या मध्यावर थांबली.

"बाबांची. चिंध्यांच्या पोत्यावरच पडलेली होती."

आत्या आत आली, डोक्याचा रुमाल न सोडताच खुर्चीवर बसली. लोरेटाला आठवा सरून नववा लागलेला. गालिच्याची लाकडी चौकट पोटामुळे जवळ घेता येईना, म्हणून ती तिरकी टेकवून, एका कुशीवर बसल्यासारखी बसून, आकड्यानं गोणपाटातून लोकरीच्या पट्ट्यांचे फासे वर ओढत होती. त्यांच्या घरात बाळाला जमिनीवर पहिल्यांदा ठेवायचं ते अशाच गालिच्यावर, आणि गालिच्यात सगळ्या घराचे जुने कपडे हवेत, अशी रीत. गालिच्यावरच्या चित्रात आईचा तपकिरी कोट झाला होता टेकडी. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तो ट्रंकेत होता. नवऱ्याची, म्हणजे गारची, फाटकी विजार झाली होती खडक. राहिला होता फक्त समुद्र, आणि समुद्राला निळं काही मिळेना. मग पडवीतल्या पोत्यावर तो निळा स्वेटर दिसला, आणि बाई खूश! तीस वर्षं बाबांच्या अंगावर, मासेमारीच्या होडीत, खारं पाणी आणि घाम खाऊन लोकर अशी दाटलेली की कापली तरी उसवत नव्हती. गालिच्याला याहून चांगलं काय हवं? एक अख्खी बाही कापून निम्मा समुद्र भरूनही झाला होता.

"जित्या माणसाचा वापरातला कपडा कापत नाहीत, त्याचं आयुष्य तुटतं," आत्या म्हणाली. "तुझ्या आईनं सांगितलं नाही कधी?"

लोरेटा हसली. मग तिच्या लक्षात आलं, आत्या हसत नाहीये.

गोष्ट साधीच होती. मागच्या शुक्रवारी गार बाबांना सेंट जॉन्स शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. फुप्फुसात गाठ दिसली होती. जाताना त्यांनी पडवीत स्वेटर काढला, बरा कोट चढवला, आणि स्वेटर टांगला खुंटीला. खुंटीखाली पोतं. खाली पडला असणार तो, टाकलेला नव्हताच. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, गुरुवारी कळणार होतं. आणि गुरुवार यायच्या आत लेकीनं बापाची बाही कापून ठेवली होती.

संध्याकाळी इस्पितळातून बाबांचा फोन आला. आवाज बारीक, पण चिडका, म्हणजे बराच. इथला चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी आहे म्हणाले, तुझा नवरा खुर्चीत बसून घोरतो म्हणाले, आणि शेवटी, "बाहेर बर्फ हटलं की कुणाबरोबर तरी माझा निळा स्वेटर धाड. इथे दिलंय ते झबलं मागून उघडं आहे."

लोरेटाच्या तोंडून निघून गेलं, "तो धुवायला टाकलाय."

पलीकडे बाबा खोकले. मग, "धुतलास? तुझ्या आईची छाती नव्हती झाली तो धुवायची."

फोन ठेवला आणि ती पायरीवर बसून रडली, मग रडता रडता हसलीसुद्धा. तो स्वेटर आईनंच विणला होता, लग्नाच्या वर्षी. पोटातलं पोर लाथ मारत होतं आणि ती त्याला म्हणत होती, अरे, तुझ्या आजोबांना येऊ दे रे, बाकी काही नको.

बुधवारी तिनं गालिच्यात न गेलेल्या पट्ट्या जोडून बघितल्या. बाही कसली, मांजरानं फाडलेला मोजा दिसत होता. आत्यानं काकवी लावलेला पाव आणून दिला.  गालिच्याकडे तर लोरेटा पाठ करून बसली. आकडा हातात घ्यायचीच भीती.

गुरुवारी अकराला फोन वाजला. पलीकडे नवरा, गार, होता. त्याला नेहमी गोष्ट मुळापासून सांगायची सवय, डॉक्टर कसा आला, कुठल्या दारानं आला... लोरेटा ओरडलीच त्याच्यावर.

"अगं, काही नाहीये," गार म्हणाला. "जुन्या न्यूमोनियाचा व्रण आहे. गाठबीठ नाहीच. तुझा बाप फक्त सिगारेटी सोडणार आहे, आणि आपलं जिणं हराम करणार आहे."

आत्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि सगळं मुळापासून ऐकलं.

शनिवारी बाबा घरी आले. अर्धे झालेले, कोट अंगावर टांगल्यासारखा. पडवीत पोचल्याबरोबर हात खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी. लोरेटानं काहीच आडपडदा ठेवला नाही, उरलेला स्वेटर आणून हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं, पोतं, बाही, समुद्र.

बाबांनी स्वेटर उलटा सुलटा बघितला. कोट काढला आणि स्वेटर अंगात चढवला. एक हात निळा, एक हात नुसत्या सदऱ्याचा पांढरा.

"उद्या बाही विणते," आत्या म्हणाली.

"राहू दे. पोरगं ह्या पांढऱ्या हातावर घेईन. लोकर टोचते तान्ह्यांना."

मग ते चौकटीपाशी गेले. अर्ध्या समुद्रात एका जागी निळा जरा हिरवट होता. तिथे त्यांनी अंगठा फिरवला, हळूहळू, पुन्हा एकदा.

"हे कोपर," ते म्हणाले. "तुझ्या आईनं रफू केलेलं. ती लोकर संपली होती, म्हणून दुसरी लावली. मी भांडलो होतो."

 चहा टाकायला गार आत गेला.

"आणि हा अर्धा का ठेवलास? होडी कुठे चालवायची पोरानं?"

"पोट आड येतं," लोरेटा म्हणाली. खरं कारण तिनं सांगितलं नाही.

बाबांनी स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसले. एक निळा हात, एक पांढरा, दोन्ही हातांनी चौकट उचलून तिचा हात पोचेल अशा उंचीवर धरली. चौकट जराही हलली नाही. लोरेटानं आकडा घेतला आणि आईच्या रफूच्या शेजारचा पुढचा फासा ओढला.