झंकार महाराजांची झोळी आणि थांबलेलं कीर्तन

या, या, पुढे सरका. सतरंजीवर अजून जागा आहे. आज गोष्ट सांगायची ती आपल्या हैदराबादचीच, अंबरपेठेतली. तिच्यात गेलेला माणूस बोलतो, एक महाराज यंत्राला मंत्र घालतो आणि एका सुनेचं घर मोडता मोडता राहतं. कान इकडे द्या. टाळ्या मात्र शेवटी वाजवा, कारण त्या कुणासाठी वाजवायच्या हे शेवटीच कळेल.

त्या रविवारी सावित्रीबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा खच पडलेला. शेजारची तेलुगू मंडळीसुद्धा खिडकीतून माना घालून उभी. सगळ्यांचे डोळे देवघरातल्या चौरंगावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खिळलेले. सावित्रीबाईंचे यजमान, केशवरावबुवा, जन्मभर कीर्तन करून गेले. त्यांची कीर्तनं या यंत्रात साठवलेली होती. रोज सकाळी तो आवाज कानावर पडल्याशिवाय सावित्रीबाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे.

आणि आता तोच आवाज मध्येच गप्प बसायला लागला होता.

"बुवा रुसलेत!" झंकार महाराज गरजले. अंगावर भगवी रेशमी कफनी, मनगटावर महागडं घड्याळ, गळ्यात इतक्या माळा की मान वळवायची तर सगळं धूड वळवावं लागे. "माई, हे यंत्र नाही, समाधी आहे! आत्म्याच्या लहरी अडकल्यात. व्हायब्रेशन ब्लॉक झालंय. झं झं झंकाराय फट्!"

मंत्र संपला. महाराजांनी घुंगरं लावलेली झोळी चौरंगावरच्या शेल्यावर टेकवून हलवली आणि बुवांचा आवाज घुमला, "तर मंडळी, चित्त इकडे असू द्या..."

"झंकार महाराज की जय!"

"अय्यो, स्वामी!" खिडकीतून कुणीतरी हात जोडले.

सावित्रीबाईंनी पदरानं डोळे पुसले. सगळं घर त्या चमत्कारात भिजलं होतं. एकटी त्रिवेणी तेवढी कोरडी, मागच्या खोलीत, भरलेल्या बॅगेशेजारी.

त्रिवेणी या घरची सून. महिन्याचे चार दिवस तिनं बाजूला बसायचं, देवघराकडे फिरकायचं नाही, हा घराचा रिवाज. आणि बुवांचा आवाज बंद पडे तो नेमका याच दिवसांत! एरवी सगळं सुरळीत. महाराजांना एवढा धागा पुरेसा होता. त्यांनी निवाडा देऊन टाकला, की बुवांना हिचा विटाळ सोसत नाही, हिला उदगीरला माहेरी पाठवा, कायमची. नवरा विनय सरकारी कचेरीत नोकरीला, शिकलेला. पण सकाळी खाली मान घालून म्हणाला, "थोडे दिवस जाऊन ये ना. आईचं मन शांत होऊ दे." हे थोडे दिवस म्हणजे किती, ते त्रिवेणीला त्याच्या मानेवरूनच कळलं होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं नणंद आली. योगिनी, नारायणगुड्यात राहणारी. कॉम्प्युटरच्या एकेका भागानं सिस्टिमशी कसं बोलायचं, हे शिकवणारे प्रोग्राम लिहिणं ही तिची नोकरी. त्यांना ड्रायव्हर म्हणतात.

"वहिनी, ही बॅग कैकू भरली?"

त्रिवेणीनं सगळं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "वन्सं, इथून मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणून एक लक्षात आलंय. मंत्र संपतो तेव्हा आवाज येत नाही. घुंगरं वाजली की येतो."

"झोळी टेकवतो कशावर?"

"शेल्यावर. शेल्याखाली माउस आहे. महाराजांनीच झाकायला लावला."

"आणि एरवी कीर्तन लावतेस तेव्हा तू काय करत असतेस?"

"एकेक प्रसंग वेगळा करून त्याला नाव देते, म्हणजे आईंना हवा तो पटकन लावता येतो. माउस सारखा हातातच असतो."

योगिनीनं कपाळावर हात मारला आणि इतकी हसली, की पुढच्या खोलीतल्या दोघी बायकांनी मागे वळून पाहिलं. "चल वहिनी, दारापर्यंत ये. आज कीर्तनाला रंग चढणारे."

बाहेर बुवांचं निरूपण चालूच होतं. योगिनी सरळ चौरंगापाशी गेली, शेल्याखालचा माउस काढला आणि वायर ताणून वरच्या कोनाड्यात ठेवून दिला.

"अगं, सिद्ध शेला आहे तो!" महाराजांचा चेला बबलू धावला.

"शेला तिथंच आहे, बबलूभाई. उंदीर तेवढा पकडला." लोक हसले. "महाराज, आता मंत्र म्हणा. झोळी नाचवा. माझ्या वडिलांचा आवाज थांबला तर पुन्हा आणून दाखवा."

बुवा सांगत होते त्या बाईची गोष्ट, जी रोज देवळाबाहेरच उभी राही. "आणि एक दिवस देवानं तिला विचारलं..."

आवाज थांबला.

महाराजांनी मंत्र घातला. एकदा घातला, मग मोठ्यानं घातला, मग डोळे पांढरे करून घातला. झोळी अशी झोडपली की एक घुंगरू तुटून घरंगळत गेलं. यंत्र ढिम्म.

"इथं नास्तिक शक्ती आहे!" महाराजांना घाम फुटला. "आणि ती विटाळशी दारात उभी आहे! लहरी येणार कशा?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. त्रिवेणीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

"वहिनी, आत ये," योगिनी म्हणाली. "माउस खाली घे."

"योगिनी!" सावित्रीबाई उठल्या. "ती बाजूला बसलीये. देवघर आहे हे."

"आई, बाबांचा आवाज पाहिजे का नक्को? एवढंच सांग."

सावित्रीबाईंनी एकदा महाराजांच्या घामाकडे पाहिलं, एकदा गप्प यंत्राकडे. मग हळूच पाय मागे घेऊन वाट दिली.

त्रिवेणीनं उंबरा ओलांडला. कोनाड्यातला माउस काढून चौरंगावर ठेवला, त्यावर हात ठेवून किंचित सरकवला.

"...पोरी, बाहेर का उभी आहेस? आत ये."

बुवांचाच आवाज. खिडकीतल्या मंडळींनी पुन्हा हात जोडले. आता यात आणखी चमत्कार शोधू नका. गोष्ट तिथं थांबली होती, तिथूनच पुढे गेली.

"दादा," योगिनी विनयकडे वळली, "तुमच्या कचेरीत दोन साहेबांची घंटा एकाच वायरवर असली तर शिपाई काय करील?"

"घंटा वाजली की दोन्ही खोल्यांत डोकावेल."

"हौ. आता एका साहेबाचं बटण खराब आहे. तो दाबतो, कधी वाजतं, कधी नाही. मग बसतो ताटकळत. दुसऱ्यानं बटण दाबलं की शिपाई दोन्हीकडे डोकावतो आणि पहिल्याचंही काम होतं. इथं आवाजाचा भाग हा पहिला साहेब. पुढचा आवाज पाठवा, म्हणून तो सिस्टिमला खूण करतो. ती खूण मधेच हरवते. माउस दुसरा साहेब, त्याच वायरवरचा. तो हलला की सिस्टिम जागी होऊन दोघांनाही विचारते. वहिनीचा हात माउसवर असे, म्हणून कीर्तन चाले. ती बाजूला बसली की तुम्ही भक्तीनं हात जोडून बसता, कुणी कशाला शिवत नाही, आणि बाबा गप्प! विटाळानं नाही, दादा. तिचा हात नव्हता म्हणून."

विनयची मान आणखी खाली गेली.

"आणि दिवाळीत या यंत्रात नवी सिस्टिम कुणी टाकली? या बबलूभाईंनी! तेव्हापासून हा दोष आहे. माउस हलवला की चालतं, हे यांना तेव्हाच कळलं असणार. दुरुस्त करता आलं नाही, म्हणून महाराज आणले!"

बबलू चपला शोधत होता. झंकार महाराज त्याच्या आधीच जिन्यात पोचले होते. माळा कठड्यात अडकल्या, तेवढा काय तो झंकार झाला.

योगिनीनं त्याच बैठकीत ड्रायव्हरमध्ये चार ओळी घालून शिपायाला सांगितलं, की घंटेची वाट बघत बसू नकोस, थोड्या थोड्या वेळानं स्वतःच उठून खोलीत डोकावत जा. बटण अजून बिघडलेलंच आहे, पण साहेबाचं काम आता अडत नाही. सावित्रीबाईंनी स्वतः बॅग उघडली आणि साड्या कपाटात परत लावल्या. विनयनं मदतीला हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "तू राहू दे. तू आधी तिच्याशी बोल." त्या दिवसापासून त्या घरात बाजूला बसणं नाही.

मंडळी, हरिनामात रंगावं, टाळ ऐकून डोळे भरून यावेत, त्यात कमीपणा नाही. पण यंत्र बंद पडलं तर त्याचं कारण यंत्रात शोधावं, घरच्या लेकीसुनेच्या अंगात नव्हे. जो महाराज तुमच्या दुःखावर झोळी टेकवतो, त्याची झोळी उचलून खाली काय आहे ते आधी बघा. देव त्यानं रागावत नाही.

आता वाजवा टाळ्या. आणि पुढच्या कीर्तनात बुक्का लावून घ्याल तेव्हा एकदा मागे वळून बघा. दाराबाहेर कुणी ऐकत उभी असेल, तर त्रिवेणीची आठवण ठेवा आणि तिला आत बोलवा.