गुलाबाईची बोळवण

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रकलेला धुळ्याला पोचवायचं, असं अभिमननं ठरवून टाकलं होतं. तिथं तिच्यासारख्या मुलांचं वसतिगृह होतं. त्याची पोर सात वर्षांची. त्याच्या बायकोनं, कुंदानं, हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला हातात काहीतरी लागतं, आणि अभिमनच्या हातात डॉक्टरांचा कागद होता.

डॉक्टर भले होते. चंद्रकलेला जमिनीवर बसवून तिच्यापुढे त्यांनी एक प्लास्टिकची बाहुली आणि अंगठ्याएवढी कपबशी ठेवली. "हिला चहा पाज बरं," म्हणाले. चंद्रकलेनं कपात पाहिलं, तो उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, तिनं तीनदा तेच केलं. मग त्यांनी एक इंग्रजी शब्द सांगितला. तो कुंदाला पारोळ्याचा स्टँड येईपर्यंतसुद्धा लक्षात राहिला नाही. पण कागदावरची मराठी ओळ अभिमननं घरी मोठ्यानं वाचली: कल्पनेचा खेळ खेळत नाही.

"रिकामा कप पाव्हनाले कोन देस?" सासू भागाबाई तेव्हा म्हणाली होती. "मीच शिकाडेल शे तिले." पण पोरीला धाडावं, असंच तिचंही मत होतं. गावात रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि म्हातारी उत्तरं देऊन थकली होती.

अभिमन सोसायटीच्या जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर असे. काटा दाखवेल ते खरं मानायचं, ही त्याची सवय. डॉक्टरांचा कागद त्याला काट्यासारखाच वाटला होता.

महिनाभर घरात गुलाबाई बसली होती. रंगवलेली मातीची गुलाबाई, शेजारी तिचा नवरा गुलोजी. ती महिन्यासाठी माहेरी आलेली लेक, तिकडच्या बोलीत आंडेर, असं सगळ्या गल्लीनं धरलेलं. संध्याकाळी मुली जमत, गाणी म्हणत आणि बंद डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखत. चंद्रकला भिंतीला टेकून बसे. शेंगदाणे आहेत की फुटाणे, हे ती नुसत्या आवाजावरून सांगे, पण गाणं सुरू झालं की कान दाबून धरी. मुली तिला चिडवत, "चंदे, गुलाबाई कोन शे व?" ती दर वेळी एकच उत्तर देई, "मातीनी शे." मुली हसत. भागाबाई कपाळाला हात लावी.

कोजागिरीला, दिवस कलताना, मुली गुलाबाईला न्यायला येणार होत्या, बोरी नदीत बोळवायला. त्याआधी कुंदा ओसरीत आली आणि दारातच थांबली. चंद्रकलेनं कोनाड्यातून एकटी गुलाबाई खाली घेतली होती. तिच्यापुढे एक कापडी पिशवी होती, पिशवीत डबा. डब्यावर नारळ, खण, मूठभर तांदूळ.

कुंदानं ते लगेच ओळखलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली नणंद, बेबाबाई, शिंदखेड्याला सासरी परत निघाली तेव्हा तिची ओटी अशीच भरली होती. पाच महिन्यांपूर्वीचा तो क्रम पोरीनं जसाच्या तसा मांडला होता. आधी डबा, मग ओटी, मग उंबऱ्यापाशी थांबणं. अंगावर पदर नसताना तिनं भागाबाईसारखं पदरानं नाक पुसल्याचंसुद्धा केलं.

कुंदाला हसू आलं आणि पाठोपाठ वाईट वाटलं. ही नक्कल होती. रेडिओवरचे कापसाचे भाव पोर अशीच सगळेच्या सगळे म्हणून दाखवायची. डॉक्टर म्हणाले असते, ही आठवण आहे, खेळ नव्हे.

मग चंद्रकलेनं एक चिंधी घेतली आणि गुलाबाईच्या डोक्याभोवती गुंडाळली. दोन्ही बाजूंनी नीट दाबून हनुवटीखाली गाठ मारली.

कुंदानं आठवून पाहिलं. बेबानं काही बांधलं नव्हतं. कुणीच नव्हतं बांधलं. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं आठवलं, कारण चूक व्हायला नको होती.

"हाई काय करी ऱ्हायनी व, माय?" तिनं हळूच विचारलं.

"गाडी वाजस," चंद्रकला म्हणाली. "हिले कान दुखतस."

भागाबाई चुलीपासून उठून आली होती. "मातीले कान दुखतस का, बाई?"

चंद्रकलेनं आजीकडे पाहिलं नाही. "मातीनी शे," ती समजावल्यासारखी म्हणाली. "आते गाडीमा बठेल शे."

कुंदा वळली. अभिमन खाटेवर बसून हे सगळं पाहत होता.

"तिले धाडानं नही," कुंदा म्हणाली.

"डॉक्टर खोटं बोलस का?"

"खोटं नही. त्यास्नी जे दखं ते लिखं. हाई त्यास्नी दखेल नही."

अभिमन उठला. त्याला स्वतः तोलून पाहायचं होतं. पोरीपुढे उभा राहून तो कंडक्टरसारखा म्हणाला, "चला, शिंदखेडा, शिंदखेडा." चंद्रकलेनं ऐकल्याचंही दाखवलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. ती पिशवीची घडी नीट करत राहिली. त्याचा चेहरा उतरला. कुंदाला वाटलं, संपलं.

ओशाळून तो तिथंच जमिनीवर बसला. थोड्या वेळानं चंद्रकलेनं त्याच्याकडे न बघताच पिशवी उचलून त्याच्या पायाशी ठेवली, गुलाबाई त्याच्या मांडीवर बसवली आणि चिंधीची गाठ पुन्हा आवळली. मग त्याला खेटून स्वतः बसली.

बाहेर मुलींचा गलका ऐकू आला. अभिमन उठू लागला.

"हालू नको," चंद्रकला म्हणाली. "गाडी चालू शे."

तो तसाच बसून राहिला. एक हात त्यानं गुलाबाईच्या पाठीमागे धरला, धक्का बसू नये म्हणून.

"मास्तरले सकायमा भेटस," काही वेळानं तो कुंदाला म्हणाला. "आपलाच गावनी शाळामा बसाडू. दिवाळीलोंग दखू."

"दिवाळीनंतर बी आठेच, आपला घरमा," कुंदा म्हणाली.

त्यानं मान डोलावली. मुली दारात येऊन थडकल्या होत्या. "गुलाबाई द्या ना, काकू, उशीर व्हई ऱ्हायना."

भागाबाई पुढे झाली आणि तिनं दोन्ही हात चौकटीला लावले. "गुलोजीले लई जा पुढे," ती म्हणाली. "आमनी आंडेर मांगून ई."